घडलेलें आणि घडविलेलें

भोसरीपासून चाकणपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंस ज्या असंख्य पाट्या दिसतात, त्यांत 'फॅब्रिकेशन वर्क्स' ही पाटी डोळ्यांस पुनः पुनः भेटते. लोखंडी दारें, जिने, गोदामांचे सांगाडे, यंत्रांखालच्या चौकटी असें सारें करून देणारीं हीं दुकानें. पाटी रंगविणाऱ्यास किंवा ती वाचणाऱ्या गिऱ्हाइकास त्या शब्दाविषयीं तिळमात्र शंका नसते. पत्रा कापावा, वांकवावा, जोडावा आणि वस्तु उभी करावी, हें फॅब्रिकेशन. परंतु तोच शब्द त्याच दिवशींच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत, न्यायालयाच्या बातमींत आला, म्हणजे त्याचा अर्थ होतो रचलेला पुरावा, पढविलेली साक्ष, निखालस खोटें. एके ठिकाणीं तो घामाच्या कमाईचा शब्द आहे, दुसऱ्या ठिकाणीं तुरुंगाच्या वाटेचा.

हा विषय आतां केवळ शब्दांच्या हौशी लोकांपुरता राहिलेला नाहीं. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली, १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि पुढें ह्या पट्ट्यांत जर्मन, जपानी, कोरियन कंपन्या आल्या, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या मागोमाग स्पॅनिश मंडळीहि आलीं, इकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. मोटारीच्या सांगाड्याचे भाग पत्रा दाबून तयार करणारी गेस्टाम्प कंपनी मूळची स्पेनची. तिचा कारखाना चाकणास आहे. बिल्बाओ शहरांतील सी. आय. ई. ऑटोमोटिव्ह या कंपनीनें २०१३ सालीं महिंद्र समूहाच्या घडीव भागांच्या धंद्याशीं भागीदारी केली, आणि २०२३ पासून तो धंदा सी. आय. ई. ऑटोमोटिव्ह इंडिया या नांवानें चालूं लागला. परिणाम असा कीं, ज्या घरांत एके काळीं पहांटे अमरकोश घोकला जाई, त्या घरांतील नातू किंवा नातसून रात्रीं जेवणानंतर स्पॅनिश क्रियापदें घोकीत बसलेली आढळते. पुण्याच्या विद्यापीठांतील परकीय भाषा विभागांत स्पॅनिशचा अभ्यासक्रम आहे. खासगी वर्ग तर पुष्कळच. अशा विद्यार्थ्यांस लौकरच एक अडचण येते. 'बनावट' ह्यास स्पॅनिशांत काय म्हणावें? कोश उघडावा तों एका शब्दाऐवजीं सात-आठ शब्द पुढें येऊन उभे राहतात, आणि त्यांतला कोणता कोठें बसतो हें कोश सांगत नाहीं.

प्रथम आपल्या घरचा शब्द पाहूं. 'बनावट' हिंदींतून आपल्याकडे आली आणि येथें तिनें दोन चुली मांडल्या. 'भारतीय बनावटीचा पंप' म्हटलें म्हणजे गिऱ्हाइकास अभिमान वाटावा. 'बनावट पंप' म्हटलें कीं पोलिसांत वर्दी द्यावी. मध्यें अंतर किती, तर एका षष्ठीच्या प्रत्ययाचें! नाम म्हणून घेऊन प्रत्यय लावला तर कारागिरी. विशेषण म्हणून उघडेंच ठेवलें तर लबाडी. 'गांवठी बनावटीचें पिस्तूल' जप्त झाल्याची बातमी आपण वाचतों. तें पिस्तूल पुरतें खरें असतें आणि त्यांतून गोळीहि खरीच सुटते. त्याच आरोपीजवळ सांपडलेला 'बनावट परवाना' मात्र खोटा. मराठी माणूस ह्या दोहोंत कधीं घोंटाळा करीत नाहीं, आणि हा भेद त्याला कोणा पंतोजींनीं शिकविलेलाहि नसतो. 'बनविणें' या क्रियापदाचीहि तीच गत. आजी लाडू बनविते आणि नातू आजीला बनवितो. (लाडू खरें म्हणजे वळावयाचे असतात, पण अलीकडे पोळीपासून भाजीपर्यंत सर्वच पदार्थ 'बनूं' लागले आहेत, त्याला इलाज नाहीं.) १९८८ सालच्या 'अशी ही बनवाबनवी' ह्या चित्रपटाचें नांव ह्या दुसऱ्या अर्थावर उभें आहे, हें सांगणें नलगे.

स्पॅनिशांत कारखान्यास 'फाब्रिका' म्हणतात. 'फाब्रिकादो एन् ला इन्दिया' म्हणजे भारतांत तयार झालेलें. वस्तूच्या अंगावर हे शब्द छापलेले असले तर त्यांत कसलाहि डाग नाहीं. लॅटिनांत 'फाबेर' म्हणजे लोहार अथवा कारागीर आणि 'फाब्रिका' म्हणजे त्याची कर्मशाळा. तोच लॅटिन शब्द झिजत झिजत स्पॅनिशांत 'फ्रागुआ', म्हणजे लोहाराची भट्टी, झाला. आणि फ्रेंचांच्या घरीं जाऊन 'फोर्खा' या नव्या वेषांत परत आला. चाकणच्या कारखान्यांत ज्याला 'फोर्जिंग' म्हणतात आणि वकील ज्याला 'फोर्जरी' म्हणतात, त्या दोहोंचें मूळ हेंच. आतां मौज पाहा. 'फ्रागुआर' म्हणजे लोखंड घडविणें, आणि तेंच क्रियापद कट शिजविण्यासहि लावतात. 'फोर्खार' म्हणजे घणाखालीं आकार देणें, आणि थापा रचणें हाहि त्याचा कोशांत दिलेला अर्थ आहे. खुद्द 'फाब्रिकार' ह्या क्रियापदाचें कर्म पंप असेल तर तें निष्पाप. कर्म 'पुरावा' असेल तर तेंच पाप. म्हणजे मराठींत जें काम एक प्रत्यय करतो, तें स्पॅनिशांत पुढें येणाऱ्या नामावर सोंपविलेलें आहे. एकूण स्पॅनिश माणसाच्या असत्याला लोहारशाळेचा धूर लागलेला आहे.

आपल्याकडे हें उलट झालें, आणि माझ्या मतें ह्या साऱ्या विषयांतील लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट हीच. लोहार विळा घडवितो, सोनार पाटल्या घडवितो. आणि प्रसंग 'घडतो'. घरांत कांहीं फुटलें, तुटलें, भांडण झालें, तर वडील माणूस मुलाला म्हणतें, "जसें घडलें तसें सांग." संस्कृतांतील 'घट्' धातूपासूनच जुळून येणें आणि जुळवून तयार करणें, हे दोन्ही अर्थ चालत आलेले आहेत. स्पॅनिशानें भट्टींतला शब्द खोट्याला दिला. मराठीनें तो खऱ्याला दिला. मात्र त्या खऱ्याला मागून कोणी हात लावणारा आहे असें दिसलें, कीं मराठी कान टवकारतात. दंगल 'घडली' म्हटली तर ती हकीकत. 'घडविली' किंवा 'घडवून आणली' म्हटली तर तो आरोप. प्रयोजकाच्या एका 'वि'ने साक्षीदाराचा फिर्यादी होतो.

ह्या सूक्ष्म भेदांचा व्यवहारांत काय उपयोग, असें कोणी विचारील. तर एक कल्पित प्रसंग घेऊं. ब्रेकला लागणारा एक घडीव भाग तपासून मुकादम म्हणतो, "हा माल खोटा निघाला." त्याच्या मनांत एवढेंच असतें कीं, पोलादांत खोट आहे, कोठें बारीक चीर गेली आहे. 'खोट' आणि 'खोटा' हे आपल्याकडे सख्खे भाऊ आहेत. नाणें खोटें असतें तें त्यांत हीण असतें म्हणून. आतां नवशिक्या दुभाष्यानें हें वाक्य शब्दशः उचललें आणि त्या भागास 'फाल्सो' किंवा 'फाल्सिफिकादो' म्हटलें, तर बिल्बाओच्या माणसास काय कळेल? त्याला कळेल कीं, कोणी तरी दुसऱ्याच्या नांवाचा शिक्का मारून नकली माल खपविला आहे. सदोष मालाची तक्रार क्षणांत फौजदारीची होऊन बसली! तेथें हवा होता 'देफेक्तुओसो', म्हणजे सदोष, हा साधा शब्द. ह्याच्या उलटहि होतें. नकली भागाला नुसतें सदोष म्हटलें तर ज्यानें लबाडी केली तो सुटतो, आणि तो ब्रेक कोणाच्या तरी गाडींत जाऊन बसतो.

दुसरा फांस 'इन्बेन्तार' या क्रियापदाचा. इंग्रजीच्या वळणानें विद्यार्थी त्याचा अर्थ शोध लावणें असा करतो, आणि तो चुकीचाहि नाहीं. परंतु रोजच्या बोलण्यांत हें क्रियापद मनचें रचून सांगणें या अर्थानें फार चालतें. मुलानें शाळा बुडविण्यासाठीं पोटदुखीची कथा सांगितली तर स्पॅनिश आई म्हणेल, "तें तूं इन्बेन्तादो केलेंस." आमची आई म्हणे, "हें तुझ्या पदरचें आहे." तेव्हां आपण मोठ्या कष्टानें तयार केलेल्या चांचणीच्या अहवालास जो 'इन्बेन्तादो' म्हणेल, तो स्वतःच्याच अहवालास कपोलकल्पित ठरवील. तेथें 'एलाबोरादो' म्हणावें. त्या शब्दांत श्रम आहेत, संशय नाहीं. आंकडे 'फाब्रिकादोस' म्हणणें तर त्याहूनहि वाईट, कारण आंकडे कांहीं पंप नव्हेत.

येथवर झाला तो लबाडीचा प्रांत. पण जें रचलेलें आहे आणि तरीहि लबाडी नव्हे, त्यास काय म्हणावें? येथें दुसरें एक लॅटिन क्रियापद येतें, 'फिन्गेरे'. त्याचा मूळ अर्थ ओल्या मातीला बोटांनीं आकार देणें. म्हणजे पहिलें कुटुंब लोहाराचें, तर हें कुंभाराचें. त्यापासून 'फिक्सिओन' म्हणजे कल्पित वाङ्मय, 'फिक्तीसिओ' म्हणजे काल्पनिक, आणि 'फिन्खीर' म्हणजे सोंग करणें. कथेंतील पात्राविषयीं बोलतांना 'दे फिक्सिओन' म्हणावें. लेखांत खऱ्या माणसाचें नांव झांकण्यासाठीं दुसरें नांव घातलें तर तें 'फिक्तीसिओ'. पण ज्या कंपनीचें कार्यालयच कोठें नाहीं आणि जी फक्त पावत्यांवर नांदते, तिलाहि 'फिक्तीसिआ'च म्हणतात. म्हणजे हा शब्द निरुपद्रवी खरा, परंतु संगतीनें बिघडणारा. रागाचें किंवा आजाराचें सोंग असेल तर 'फिन्खीदो'. त्याला आपल्याकडे 'कृतक' असा नेमका शब्द आहे. नाटकांतून आणि प्रियजनांच्या रुसव्याफुगव्यांतून पूर्वी तो बराच दिसे, आतां मात्र 'कृतककोप' म्हटलें तर तरुण मंडळीस तो एखादा विकार वाटावयाचा.

'कल्पित' हा शब्दहि मुळांत कुंभाराच्याच जातीचा. 'कॢप्' म्हणजे नीट जुळविणें, रचणें. मनांतल्या मनांत केलें तर ती कल्पना. 'कृत्रिम' तर लॅटिन 'फाक्तिसिउस'चा केवळ संस्कृत जुळा भाऊ होय, दोहोंचा अर्थ केलेलें. त्या लॅटिन शब्दापासून स्पॅनिशांत 'एचीसो' निघाला. त्याचा आजचा मुख्य अर्थ जादूटोणा. पोर्तुगीजांत त्याचेंच 'फेतीसो' झालें. परंतु मेक्सिको, चिली वगैरे देशांत 'आर्मा एचीसा' म्हणजे घरगुती रीतीनें केलेलें हत्यार, आपल्या वर्तमानपत्रांतलें 'गांवठी बनावटीचें' तेंच! जें हातानें केलेलें तें एके ठिकाणीं मंत्र झालें, एके ठिकाणीं पिस्तूल.

केलेलें तें सर्वच खोटें, असें मात्र आमच्या शास्त्रकारांनीं कधीं मानलें नाहीं. मनुस्मृतींत जे बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत, त्यांत दत्तकाच्या शेजारींच 'कृत्रिम' पुत्र बसलेला आहे. मिथिलेंत त्या प्रकारच्या पुत्राची चाल ब्रिटिश अमदानींतहि न्यायालयें मान्य करीत. तो पोटचा नाहीं हें सर्वांस ठाऊक असे आणि तरी तो पुत्र असे. स्पॅनिश कायदेपंडित ह्याच जातीच्या कल्पनेला 'फिक्सिओन खुरीदिका' म्हणतात. जें प्रत्यक्षांत नाहीं तें आहे असें धरून चालण्याची कायद्याची सोय. हें जुन्या पोथींतलेंच आहे असें समजूं नये. निगडी-चिंचवडच्या गृहनिर्माण संस्थांतून सभासदांच्या तोंडीं जें 'मानीव अभिहस्तांतरण' सारखें असतें, तें दुसरें काय आहे? इमारत बांधणाऱ्यानें १९६३ च्या सदनिका कायद्याप्रमाणें जमिनीचा हक्क लिहून द्यावयाचा. तो देत नसेल, तर त्यानें तो दिला असें मानून कायदाच पुढें सरतो. 'मानीव' हा शब्द ज्यानें योजिला त्याला मनापासून शाबासकी दिली पाहिजे. सहीवांचून झालेल्या त्या हस्तांतरणास 'बनावट' म्हणण्याची कोणाची छाती नाहीं, आणि स्पॅनिश भाषांतर करणाऱ्यानेंहि तेथें 'फाल्सो' ह्या शब्दास हात लावतां कामा नये.

परक्या बनावटीच्या मालाची ओळख चाकणास आजची नव्हे. येथील संग्रामदुर्गाचा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा ह्यानें १६६० सालीं शाइस्तेखानाच्या फौजेसमोर पन्नासांहून अधिक दिवस किल्ला झुंजविला, ही हकीकत शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक असते. त्या काळीं दक्षिणेंत यूरोपी पात्याच्या तरवारीस 'फिरंग' म्हणत. पातें तिकडचें आणि मूठ इकडची. स्पेनमधील तोलेदो शहरच्या पात्यांचा लौकिक एवढा मोठा होता, कीं जर्मनींतल्या झोलिंगेनचे लोहार आपल्या पात्यांवर तोलेदोचें नांव किंवा तेथील नामांकित कारागिरांचीं नांवें कोरीत. पुढें इकडच्या लोहारांनींहि त्याच घाटाचीं पातीं केलीं आणि त्यांसहि फिरंगच म्हणूं लागले. आतां सांगा, झोलिंगेनचें तें पातें खरें कीं खोटें? पोलाद चोख, धार चोख. खोटीं ती दोनचार अक्षरें. आणि इकडच्या लोहाराचें पातें? त्यानें कोणाचें नांव चोरलें नाहीं, केवळ घाट घेतला. पहिल्यास स्पॅनिशांत 'फाल्सिफिकादो' म्हणतां येईल; दुसऱ्यास फार तर 'इमितासिओन', म्हणजे अनुकरण.

तरवारीवरचें नांव खोटें असणें एक, आणि माणसानेंच दुसऱ्याचें नांव घेऊन उभें राहणें दुसरें. त्यासाठीं मराठीस एक स्वतंत्र शब्द आहे, 'तोतया'. पानिपतावर १७६१ च्या जानेवारींत सदाशिवरावभाऊ पडले. पण ते पडलेले अनेकांस खरें वाटेना. पार्वतीबाईंनीं शेवटपर्यंत सौभाग्यलेणें उतरविलें नाहीं. अशा वेळीं मीच भाऊसाहेब असें म्हणणारा एक कनोजा ब्राह्मण पुढें आला, कैदेंत पडला, सुटला, कोंकणांत फौज जमवून बसला, आणि अखेर १७७६ सालीं पकडला जाऊन त्यास देहदंड झाला. न. चिं. केळकरांनीं त्यावर 'तोतयाचें बंड' हें नाटक लिहिलें.

अगदीं ह्याच सांच्याची कथा स्पेनमध्यें ह्याच्या आधीं पावणेदोनशें वर्षें घडली होती, हें वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियन १५७८ सालीं मोरोक्कोंतील लढाईंत पडला. त्याचाहि मृत्यु लोकांस पटेना. त्याच्या पश्चात् १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालचें राज्य स्पेनच्या राजाकडे गेलें, आणि त्यासोबत आमचे गोवें व वसईहि. राजा परत येणार, ही आशा पोर्तुगीज लोक उराशीं धरून बसले असतां, स्पेनमधील माद्रिगाल गांवीं गाब्रिएल दे एस्पिनोसा नांवाचा एक खाऊवाला मीच सेबास्तियन असें भासवूं लागला. एका पाद्र्यानें त्यास पाठबळ दिलें आणि खुद्द स्पेनच्या राजाची पुतणी, जी तेथल्या मठांत जोगीण होती, तिचाहि त्याच्यावर विश्वास बसला. १५९५ सालीं तो फांसावर गेला. पुढें १८४९ मध्यें सोरीया नांवाच्या कवीनें त्यावर नाटक लिहिलें. स्पॅनिशांत अशा माणसास 'इम्पोस्तोर' म्हणतात. आपला 'तोतया' मात्र आजहि नोकरींत आहे. तोतया पोलीस, तोतया अधिकारी, तोतया डॉक्टर हे दर आठवड्यास वर्तमानपत्रांत हजेरी लावून जातात.

आतां एक विचित्र गोष्ट ध्यानांत घ्या. खाऊवाला आणि कनोजा हे दोघे खोटे. पण त्यांच्यावरच्या नाटकांत जो नट तोतया होऊन रंगभूमीवर येतो, त्याला कोणी खोटा म्हणत नाहीं, तिकीट काढून पाहतात. येथेंच पूर्वीच्या घरांतून मोठा वाद होई. कादंबरी हातीं घेतलेल्या मुलीला वडील माणसें विचारीत, "हें खोटें कशाला वाचतेस?" असा प्रश्न केवळ आमच्याच माजघरांत विचारला गेला असें नाहीं. १५३१ सालीं स्पेनच्या दरबारानें अमेरिकेंतल्या आपल्या मुलुखांत अद्भुत कथांचीं पुस्तकें पाठविण्यास बंदी केली, कारण तेथील लोकांनीं रचलेल्या गोष्टी खऱ्या मानल्या तर धर्मग्रंथांवरचाहि त्यांचा विश्वास उडेल, अशी भीति! बंदी कागदावर राहिली आणि पुस्तकें जहाजांतून जातच राहिलीं, हें ओघानेंच आलें. इकडे १८५७ सालीं बाबा पद्मनजींचें 'यमुनापर्यटन' आणि १८६१ मध्यें हळब्यांची 'मुक्तामाला' निघाली. आणि घरोघरच्या नापसंतीला न जुमानतां ह्या नव्या प्रकारास कायमचें नांवहि मिळालें. तें नांव बाणभट्टाच्या नायिकेचें. साऱ्या वाङ्मयप्रकाराला एका कल्पित स्त्रीचें नांव द्यावें, ही रसिकता कानडी आणि मराठी ह्या दोघांचीच. गुजराथ्यांनीं 'नवलकथा' म्हटलें, हिंदीवाल्यांनीं 'उपन्यास'. स्पॅनिश 'नोबेला' हा शब्द नवी खबर अशा अर्थाच्या इटालियन शब्दापासून आला. आमची 'बखर'हि 'खबर' या शब्दाचींच अक्षरें उलटून झाली असें मानतात. एकीकडे खबरेची कादंबरी झाली, दुसरीकडे खबरेचा इतिहास. आणि कांहीं बखरी वाचल्या म्हणजे हें अंतर फार नव्हतें असें वाटूं लागतें.

ह्या खेळाचा महागुरु सेर्वान्तेस. त्याच्या 'दोन किखोते'चा पहिला भाग १६०५ सालीं निघाला. त्यांत तो साळसूदपणें सांगतो कीं, ही कथा माझी नव्हेच. तोलेदोच्या बाजारांत रद्दीच्या भावानें मिळालेल्या अरबी वह्यांत ती होती, तिचा कर्ता सीदे आमेते बेनेन्खेली नांवाचा इतिहासकार, आणि आपण ती मनुके व गहूं मजुरीदाखल देऊन भाषांतर करवून घेतली. म्हणजे कथा कल्पित, इतिहासकार कल्पित, भाषांतरहि कल्पित. ह्यांत कोणी फसतें काय? नाहीं, कारण डोळा मिचकावलेला वाचकास दिसतो. पण १६१४ मध्यें आवेयानेदा असें टोपणनांव घेऊन कोणी तरी भलत्यानेंच दुसरा भाग छापून बाजारांत आणला, तेव्हां ह्याच सेर्वान्तेसचा संताप अनावर झाला. पुढच्याच वर्षीं त्यानें आपला दुसरा भाग काढला, आणि त्यांत सूड उगविला तो असा: त्या नकली पुस्तकांतलें दोन आल्वारो तार्फे नांवाचें एक पात्र खऱ्या दोन किखोतेस एका खाणावळींत भेटतें, आणि दोन किखोते त्याच्याकडून गांवच्या न्यायाधिकाऱ्यासमक्ष रीतसर जबाब लिहून घेतो कीं, छापून फिरत असलेला तो दुसरा दोन किखोते हा नव्हे. जो मुळांत जन्मलाच नाहीं, तो आपल्या तोतयाविरुद्ध प्रतिज्ञालेख करून घेतो! कल्पित आणि बनावट यांतला भेद ह्याहून स्पष्ट मला तरी कोठें सांपडलेला नाहीं.

राहतां राहिले घरगुती शब्द, आणि भाषा शिकणाऱ्यास खरी गोडी लागते ती ह्यांनींच. 'कुएन्तो' म्हणजे गोष्ट. ज्या क्रियापदापासून तो निघाला त्याचा अर्थ मोजणें आणि सांगणें, दोन्ही. अशक्य कोटींतल्या थापेस 'कुएन्तो चीनो', म्हणजे चिनी गोष्ट, म्हणतात; बिचाऱ्या चिनी लोकांनीं त्यांचें काय घोडें मारलें होतें कोण जाणे. आपल्याकडील 'लोणकढी थाप' निदान शेजाऱ्यावर रोख धरीत नाहीं. 'पात्रान्या' म्हणजे निव्वळ रचलेली हकीकत. तिला आपली 'भाकडकथा' शोभेल. भाकड म्हणजे दूध न देणारी गाय. 'गोष्ट' हा शब्द ज्या 'गोष्ठी'वरून आला तिच्या मुळाशींहि गाईंचा गोठाच आहे, तेव्हां दुभती आणि भाकड दोन्ही एकाच दावणीला बांधलेल्या आहेत असें म्हणावयास हरकत नाहीं. आजकाल हातांतल्या यंत्रावरून सकाळीं उठल्याबरोबर ज्या खोट्या बातम्या येऊन पडतात, त्यांस स्पेनमध्यें 'बूलो' म्हणतात. आपण 'कंडी' म्हणतों, आणि ती पिकविणारे व पसरविणारे दोन्हीकडे सारखेच उत्साही आहेत.

आणि मुलांच्या खेळांत? मराठी मुलें 'खोटें खोटें' जेवण जेवतात आणि 'लुटुपुटीची' लढाई लढतात. स्पॅनिश मुलें तेंच 'दे मेन्तिरिखीयास' करतात. 'मेन्तीरा' म्हणजे असत्य, आणि त्यास दुहेरी लघुत्वदर्शक प्रत्यय लावून, जसें आपण बाळाचें बाळुलें करावें, तसें केलेलें हें छोटुकलें असत्य. चाकणास आलेल्या स्पॅनिश कुटुंबांतील एखादें मूल शेजारच्या मराठी मुलीच्या भातुकलींत येऊन बसलें, आणि तिनें रिकाम्या वाटींतून त्यास खीर वाढली, तर ती खीर कोणत्या अर्थानें खोटी आहे हें त्या दोघांस कोणत्याहि कोशावांचून कळेल. तें वाटी तोंडाला लावील आणि बहुधा दुसऱ्यांदा मागेल.